गाभा आणि फट : रोहित्र व प्रवर्तक यांच्या चुंबकीय द्रव्यांविषयी

१. एक नाव, दोन वस्तू

ग्रामीण महाराष्ट्रात दोन खांबांच्या मध्ये उभे असलेले विजेचे रोहित्र सर्वांच्या परिचयाचे आहे. वीजकंपनीच्या कागदपत्रांत व वृत्तपत्रांत ते 'रोहित्र' असते. शेतकऱ्याच्या बोलण्यात ती 'डीपी' असते, आणि ऐन हंगामात ती जळाली म्हणजे पिकाचे पाणी तुटते. या अवजड यंत्राचा एक अत्यंत चिमुकला भाऊबंद मोबाइलच्या चार्जरमध्ये बसविलेला असतो. तो बोटांच्या चिमटीत मावतो, आणि त्यालाही रोहित्रच म्हणण्याचा प्रघात आहे. दोहोंतही तारांची दोन वेटोळी असतात, दोहोंतही त्या वेटोळ्यांच्या मधून एक चुंबकीय गाभा गेलेला असतो, आणि दोहोंचेही कार्य एका वेटोळ्यातील विद्युत्-ऊर्जा दुसऱ्याकडे पोचविणे हेच असते.

तथापि दोहोंचे गाभे उकलून पाहिल्यास साम्य तेथेच संपते. एकाचा गाभा पोलादाच्या पातळ पत्र्यांचा, तर दुसऱ्याचा काळ्या, ठिसूळ, भट्टीत भाजलेल्या द्रव्याचा असतो. एकाच्या सांध्यांत केसाएवढीही फट राहू नये म्हणून कारागीर जपतो. दुसऱ्यात मात्र फट मुद्दाम घासून तयार केलेली असते. हा भेद का पडतो, आणि दोन्ही वस्तूंना एकच नाव दिल्यामुळे अभ्यासकाचा कोणता घोटाळा होतो, याचा विचार येथे करावयाचा आहे. पदार्थविज्ञान आणि परिभाषा हे दोन विषय एरवी दूरचे वाटतात. चुंबकीय द्रव्यांच्या बाबतीत मात्र ते पदोपदी एकमेकांत गुंतलेले आढळतात.

२. गाभ्याचे कार्य

फॅराडे याने १८३१ मध्ये लोखंडी कड्यावर दोन वेटोळी गुंडाळली आणि एकातील प्रवाह सुरू किंवा बंद करताच दुसऱ्यात क्षणिक प्रवाह उत्पन्न होतो, असे दाखविले. रोहित्राचे मूळ या प्रयोगात आहे. कड्यातील लोखंड ऊर्जा निर्माण करीत नाही. ते चुंबकीय स्रोताला सुकर मार्ग देते. हवेच्या तुलनेने एखादे द्रव्य हा मार्ग किती पटींनी सुकर करते, ते दर्शविणाऱ्या राशीस पार्यता म्हणतात. फेराइटाची पार्यता साधारणपणे दोन-तीन हजार असते. परंतु प्रत्येक द्रव्याची स्रोत वाहण्याची एक कमाल मर्यादा असते. ती गाठली की पुढे कितीही प्रवाह वाढविला तरी स्रोत फारसा वाढत नाही. हीच संपृक्तता होय.

गाभ्याचे आकारमान कशावरून ठरते? प्रत्येक वेढ्यात उत्पन्न होणारा विद्युत्-दाब हा कंप्रता, कमाल स्रोतघनता आणि गाभ्याच्या छेदाचे क्षेत्रफळ या तिहींच्या गुणाकाराच्या प्रमाणात असतो. दाब ज्या-तरंगाच्या आकाराचा असेल तर या गुणाकाराला ४.४४ ने, आणि चौकोनी तरंगाचा असेल तर ४ ने गुणावयाचे. आता १० चौरस सेंटिमीटर छेदाचा पोलादी गाभा ५० हर्ट्झ कंप्रतेवर १.५ टेस्ला स्रोतघनतेपर्यंत वापरला, तर दर वेढ्यास सुमारे ०.३३ व्होल्ट मिळतात. म्हणजे २३० व्होल्टांसाठी सुमारे ६९० वेढे घालावे लागतात. उलट, १ चौरस सेंटिमीटर छेदाचा फेराइट गाभा १०० किलोहर्ट्झवर केवळ ०.१ टेस्लापर्यंत वापरला, तरी दर वेढ्यास ४ व्होल्ट मिळतात आणि ५८ वेढे पुरतात. छेद एकदशांश झाला, स्रोतघनता पंधराव्या हिश्शावर आली, तरीही वेढे बाराव्या हिश्शावर उतरले. कंप्रता २००० पट वाढविल्याचे हे फळ आहे.

शक्ति-इलेक्ट्रॉनिकीत अर्धवाहक स्विचे सेकंदाला हजारो किंवा लाखो वेळा उघडझाप करतात, ती याच लाभासाठी. मात्र हा लाभ फुकट मिळत नाही.

३. गाभ्याला द्यावे लागणारे दोन कर

पहिला कर मंदायनाचा. गाभ्याचे चुंबकन एका दिशेने करून मग उलट दिशेने केले, तर द्रव्यातील चुंबकत्व त्यास घडविणाऱ्या क्षेत्राच्या मागे मागे रेंगाळते. स्कॉटिश शास्त्रज्ञ जेम्स आल्फ्रेड यूइंग हा टोकियो येथे अध्यापन करीत असताना १८८१ च्या सुमारास या घटनेचा अभ्यास करीत होता. 'मागे पडणे' या अर्थाच्या ग्रीक धातूपासून त्याने 'हिस्टेरेसिस' हा शब्द घडविला. मराठीतील 'मंदायन' हा शब्द त्याच अर्थच्छटेला धरून आहे. चुंबकनाच्या प्रत्येक आवर्तनात या रेंगाळण्यामुळे थोडी ऊर्जा उष्णतेच्या रूपाने खर्ची पडते. अर्थात् आवर्तने जितकी अधिक, तितका खर्च अधिक. १८९२ मध्ये स्टाइनमेट्स याने हा खर्च स्रोतघनतेच्या १.६ या घातांकाप्रमाणे वाढतो, असा नियम मांडला. तो तत्त्वातून सिद्ध केलेला नसून मोजमापांवरून बसविलेला होता; तरीही त्याचे विस्तारित रूप आजतागायत संकल्पकांच्या हाती आहे.

दुसरा कर आवर्त-प्रवाहांचा. बदलता चुंबकीय स्रोत वेटोळ्यात जसा विद्युत्-दाब निर्माण करतो, तसाच तो गाभ्यातही करतो. गाभा विद्युत्-वाहक असेल तर त्याच्या अंगातच भोवऱ्यासारखे प्रवाह फिरू लागतात आणि गाभा तापतो. ही हानी पत्र्याची जाडी, कंप्रता व स्रोतघनता या प्रत्येकीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते आणि द्रव्याच्या रोधकतेच्या व्यस्त प्रमाणात घटते. म्हणून गाभा अखंड न ठेवता परस्परांपासून निरोधित अशा पातळ पत्र्यांचा रचतात. विसाव्या शतकाच्या आरंभी हॅडफील्ड आणि त्याचे सहकारी यांच्या संशोधनातून सिलिकॉनयुक्त पोलाद पुढे आले. सुमारे ३ टक्के सिलिकॉन मिसळल्याने लोखंडाची रोधकता चौपटीहून अधिक होते, आणि संपृक्तता मात्र २ टेस्लाच्या आसपास टिकून राहते. पुढे नॉर्मन गॉस याने १९३४ च्या आपल्या एकस्वात लाटण्याच्या व तापविण्याच्या विशिष्ट क्रमाने पोलादाचे कण एका दिशेत वळविण्याची रीत दिली. खांबावरच्या रोहित्रातील पत्रे याच कुळातील असतात.

मग हेच पत्रे चार्जरमध्ये का चालू नयेत? ५० हर्ट्झवरून १०० किलोहर्ट्झवर जाताना कंप्रता २००० पट होते. तिचा वर्ग ४० लाख. स्रोतघनता तीच ठेवली तर आवर्त-प्रवाहांची हानी साध्या सूत्राप्रमाणे ४० लाख पट होऊ पाहते. प्रत्यक्षात इतक्या कंप्रतेवर स्रोत पत्र्याच्या अंतर्भागात शिरतच नाही, पृष्ठालगतच राहतो, आणि सूत्र अपुरे पडते. परंतु निष्कर्ष बदलत नाही : जाड पत्र्याचा गाभा येथे निरुपयोगी ठरतो. म्हणून संशोधकांपुढे दोनच वाटा राहिल्या. धातू अतिशय पातळ किंवा सूक्ष्म करावयाचा, अथवा जे मुळात विजेचे वाहकच नाही असे चुंबकीय द्रव्य शोधावयाचे.

४. 'मृदू' असूनही कठीण

दुसऱ्या वाटेने फेराइट आले. टोकियो येथील योगोरो काटो व ताकेशी ताकेई यांनी १९३० मध्ये लोह-ऑक्साइड व इतर धातूंची ऑक्साइडे यांच्यापासून चुंबकीय द्रव्ये तयार केली, आणि त्यांच्या उत्पादनासाठी १९३५ मध्ये आजच्या टीडीके या कंपनीची स्थापना झाली. हॉलंडमध्ये आइन्डहोव्हन येथील फिलिप्सच्या प्रयोगशाळेत स्नूक याने १९४० नंतरच्या वर्षांत मँगेनीज-जस्त व निकेल-जस्त या दोन कुळांचा पद्धतशीर अभ्यास केला. या द्रव्यांच्या चुंबकत्वाची उपपत्ती लुई नेएल याने १९४८ मध्ये दिली : स्फटिकातील अणूंचे दोन गट परस्परविरुद्ध दिशांनी चुंबकित असतात, परंतु ते समबल नसल्याने काही चुंबकत्व शिल्लक राहते. चुंबकत्वविषयक कार्याबद्दल त्यास १९७० मध्ये नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला. फेराइटाची संपृक्तता पोलादाच्या मानाने एवढी अल्प का, याचे उत्तर या शिल्लकीत आहे. जेथे बहुतांश बळ आपापसांतील विरोधात खर्ची पडते, तेथे बाहेर उरणार किती?

ही संपृक्तता सामान्य तपमानास सुमारे ०.५ टेस्ला असते आणि १०० अंश सेल्सिअसला सुमारे ०.४ पर्यंत उतरते. या दौर्बल्याची भरपाई रोधकता करते. सिलिकॉन पोलादाची रोधकता एका ओहम-मीटरच्या वीस लाखाव्या हिश्शाएवढी असते, तर मँगेनीज-जस्त फेराइटाची काही ओहम-मीटर. निकेल-जस्त फेराइटाची त्याहूनही हजारो-लाखो पट अधिक असल्याने काही मेगाहर्ट्झच्या पलीकडे तेच वापरतात. चार्जरमधील काळा गाभा बहुधा मँगेनीज-जस्त कुळातला असतो.

येथे परिभाषेचा पहिला चकवा समोर येतो. फेराइटाच्या या प्रकाराला 'मृदू चुंबकीय द्रव्य' म्हणतात. प्रत्यक्षात ते चिनी मातीच्या कपासारखे कठीण व ठिसूळ असते. हातून पडले तर तुकडे होतात. ही संज्ञा लोखंडाच्या काळातील आहे. शुद्ध लोखंड हातोड्याखाली मऊ असते आणि त्याचे चुंबकत्व सहज येते व सहज जाते; कार्बनयुक्त, पाणी दिलेले पोलाद कठीण असते आणि ते चुंबकत्व धरून ठेवते. लोखंडाच्या बाबतीत हे दोन गुण एकत्र नांदतात, कारण धातूच्या रचनेतील जे दोष त्यास वाकण्यापासून अडवितात तेच चुंबकीय प्रदेशांच्या सीमांनाही अडवितात. फेराइटाने हे साहचर्य मोडले. शब्द तेवढा मागे राहिला. आज 'मृदू' याचा अर्थ 'चुंबकत्वाची दिशा अल्प आयासाने पालटणारे' एवढाच घ्यावयाचा. 'फेराइट' या शब्दाचीही गत अशीच आहे. लोहविद्येत तो पोलादातील मऊ, विद्युत्-वाहक अशा लोह-अवस्थेचे नाव आहे. चुंबकशास्त्रात तो ऑक्साइडाच्या भाजीव, जवळजवळ अवाहक द्रव्याला लावतात. दोन शेजारी विभागांत एकच शब्द उलट गुणांच्या दोन द्रव्यांसाठी वापरला जातो, याची जाणीव विद्यार्थ्यास आरंभीच करून दिलेली बरी.

फेराइटाचा आणखी एक स्वभाव ध्यानात ठेवावा लागतो. त्याची हानी तपमानाबरोबर एकसारखी वाढत नाही. शक्तिकार्यासाठी बनविलेल्या प्रकारांत ती प्रथम घटते, साधारणतः ८० ते १०० अंशांच्या दरम्यान किमान होते, आणि मग वाढू लागते. हे किमान-स्थान घटकांच्या प्रमाणाने हवे तेथे आणता येते. गाभा चालू स्थितीत ज्या तपमानाला राहील त्याच्या थोडे पुढे ते असावे. त्या स्थानाच्या पलीकडे गाभा गेला तर तापल्याने हानी वाढते आणि हानी वाढल्याने गाभा अधिक तापतो. त्याच वेळी संपृक्ततेची मर्यादाही खाली येत असते.

५. ऊर्जा कोठे साठते?

रोहित्र आणि प्रवर्तक यांच्या गरजा परस्परविरुद्ध आहेत. खऱ्या रोहित्रात ऊर्जा एका बाजूने येते त्याच क्षणी दुसऱ्या बाजूने जाते. गाभ्याने ती स्वतःजवळ ठेवू नये, हीच अपेक्षा. म्हणून पार्यता जितकी अधिक व फट जितकी कमी, तितके उत्तम. प्रवर्तकाचे काम याच्या उलट आहे. स्विच लागलेले असताना त्याने ऊर्जा साठवावयाची आणि ते उघडल्यावर परत द्यावयाची.

ही ऊर्जा गाभ्यात साठते, असा समज नावामुळेच होतो. वस्तुस्थिती निराळी आहे. एकक घनफळात साठणारी ऊर्जा स्रोतघनतेच्या वर्गाच्या सम प्रमाणात आणि पार्यतेच्या व्यस्त प्रमाणात असते. म्हणजे गाभा जितका 'चांगला', तितकी त्यात ऊर्जा कमी. ०.३ टेस्ला स्रोतघनतेस २००० पार्यतेच्या फेराइटात दर घनमीटरला सुमारे १८ ज्यूल मावतात. त्याच स्रोतघनतेस हवेत सुमारे ३६,००० ज्यूल. आता १० सेंटिमीटर चुंबकीय मार्ग असलेला फेराइट गाभा घ्यावा. फट नसेल तर त्यात ०.३ टेस्ला उत्पन्न होण्यास सुमारे १२ अँपिअर-वेढे पुरतात, आणि त्यापुढे संपृक्तता दूर नसते. त्याच गाभ्यात १ मिलिमीटरची फट ठेवली तर तेवढ्याच स्रोतघनतेस सुमारे २५० अँपिअर-वेढे लागतात. परिणामी पार्यता २००० वरून सुमारे ९५ वर येते, परंतु साठणारी ऊर्जा जवळजवळ २१ पट होते. आणि तिच्यापैकी सुमारे ९५ टक्के ऊर्जा त्या एका मिलिमीटरात असते. गाभा हा ऊर्जेला त्या फटीपर्यंत आणून पोचविणारा मार्ग आहे. कोठार म्हणजे फट.

चार्जरमधील वस्तूचे रहस्य आता उलगडते. लहान चार्जरांत सामान्यतः 'फ्लायबॅक' नावाची जोडणी असते. तिच्यात स्विच लागलेले असताना पहिल्या वेटोळ्यातील प्रवाह वाढत जातो. दुसऱ्या वेटोळ्यातील डायोड त्या वेळी बंद असतो. स्विच उघडताच पहिला प्रवाह थांबतो आणि साठलेली ऊर्जा दुसऱ्या वेटोळ्यातून बाहेर पडते. दोन्ही वेटोळी एकाच वेळी कार्य करीत नाहीत. म्हणजे त्यास रोहित्र म्हणत असले तरी कार्यतः तो दोन वेटोळ्यांचा प्रवर्तक आहे. 'रोहित्र' या नावावर विसंबून जो विद्यार्थी त्यासाठी उच्च पार्यतेचा अखंड गाभा निवडील, त्याचा गाभा पहिल्या काही आवर्तनांतच संपृक्त होईल. संपृक्त होताच प्रवर्तनाचा विरोध नाहीसा होऊन प्रवाह एकाएकी उसळेल, आणि स्विच जळून जाईल. सूत्रे सर्व बरोबर असूनही केवळ नावाने चूक घडविली, असे हे उदाहरण आहे.

६. विखुरलेली फट आणि काचेसारखा धातू

एकाच ठिकाणी ठेवलेल्या फटीत एक दोष असतो. तेथे स्रोत कडांबाहेर फुगतो आणि जवळच्या तांब्याच्या तारांत उष्णता निर्माण करतो. यावर तोड म्हणजे धातूची भुकटी करून तिचे कण निरोधक लेपात गुंडाळावयाचे आणि दाबून कडे घडवावयाचे. मग फट कणाकणांच्या मध्ये विखुरली जाते, आणि कण सूक्ष्म असल्याने आवर्त-प्रवाहही आटोक्यात राहतात. लोखंडाची भुकटी यांत सर्वांत स्वस्त, परंतु हानी अधिक. निकेल, लोखंड व थोडे मॉलिब्डेनम यांच्या मिश्रधातूची भुकटी हानीच्या दृष्टीने उत्तम, परंतु निकेलामुळे महाग. दोहोंच्या मध्ये सेनडस्ट आहे. हा मिश्रधातू हाकारू मासुमोतो याने जपानमधील सेनदाई येथे १९३० नंतरच्या दशकात शोधला; त्यात सुमारे ८५ टक्के लोखंड, ९.५ टक्के सिलिकॉन व ५.५ टक्के ॲल्युमिनियम असते. तो इतका ठिसूळ की त्याचे पत्रे लाटता येत नाहीत, भुकटी मात्र सहज होते. सेनदाई या गावाचे नाव आणि धूळ या अर्थाचा इंग्रजी शब्द यांच्या संयोगाने त्याचे नाव सिद्ध झाले. लाटण्याच्या दृष्टीने जो दोष, तोच भुकटीच्या दृष्टीने गुण ठरला.

भुकटीच्या गाभ्यांचा आणखी एक लाभ असा की ते एकदम संपृक्त होत नाहीत. फेराइटाचा वक्र मर्यादेजवळ अचानक वळतो. भुकटीचा हळूहळू झुकतो. क्षणिक अतिप्रवाह सोसण्याचे काम जेथे असेल तेथे हा स्वभाव मोलाचा असतो.

धातू पातळ करण्याच्या वाटेने आणखी एक कुळ जन्माला आले. कॅलिफोर्नियातील पॉल ड्यूवे आणि त्याचे सहकारी यांनी १९६० मध्ये वितळलेला सोने-सिलिकॉन मिश्रधातू इतक्या वेगाने थंड केला की अणूंना स्फटिक रचण्यास अवसरच मिळाला नाही. याच तत्त्वावर लोहयुक्त मिश्रधातूचा रस फिरत्या थंड चाकावर सोडून, सेकंदाला दहा लाख अंशांच्या श्रेणीतील वेगाने गोठवून, सुमारे २५ मायक्रॉन जाडीची फीत तयार करतात. स्फटिकच नसल्याने चुंबकीय प्रदेशांच्या सीमा सहज सरकतात. लोहप्रधान अस्फटिक द्रव्याची संपृक्तता सुमारे १.५६ टेस्ला असते, आणि भार नसतानाची हानी सिलिकॉन पोलादापेक्षा पुष्कळ कमी असल्याने वितरण-रोहित्रांतही त्याचा उपयोग होतो. १९८८ मध्ये जपानमधील योशिझावा व सहकारी यांनी अशा फितीत तांबे व नायोबियम मिसळून आणि ती योग्य रीतीने तापवून दहा-पंधरा नॅनोमीटरचे स्फटिक निर्माण केले. या द्रव्याची संपृक्तता सुमारे १.२ टेस्ला असून पार्यता फेराइटापेक्षा कितीतरी अधिक असते.

७. निवडीचा विवेक

वरील विवेचनावरून 'सर्वोत्तम गाभा कोणता?' हा प्रश्नच सदोष आहे, असे दिसून येईल. ५० हर्ट्झ आणि मोठी शक्ती असेल तर संपृक्ततेला महत्त्व. तेथे पोलाद किंवा अस्फटिक फीत. शेकडो किलोहर्ट्झ असतील तर संपृक्ततेपूर्वी उष्णताच मर्यादा घालते; तेथे फेराइट. मोठ्या स्थिर प्रवाहावर लहान चढउतार असेल तर भुकटी. फेराइटात हानी स्रोतघनतेच्या दोन ते तीन यांमधील घातांकाने वाढते. तो घातांक २.५ धरला तर स्रोतघनता निम्मी करताच हानी सुमारे ५.७ पटींनी घटते. म्हणून ०.५ टेस्ला सोसणारे द्रव्य संकल्पक ०.१ टेस्लावर वापरतो, यात उधळपट्टी नाही.

उत्पादकांच्या पत्रकांतील हानीचे वक्र वाचतानाही सावध असावे. ते बहुधा ज्या-तरंगासाठी आणि स्थिर प्रवाहाच्या अभावी मोजलेले असतात. स्विचांच्या मंडलात तरंग चौकोनी असतो आणि पुष्कळदा स्थिर प्रवाहही असतो. प्रत्यक्ष हानी त्यामुळे पत्रकातील आकड्यापेक्षा बरीच अधिक भरू शकते. २००२ च्या सुमारास स्टाइनमेट्सच्या सूत्रात अशा तरंगांसाठी सुधारणा सुचविल्या गेल्या. तरीही गाभा चालवून त्याचे तपमान पाहणे, याला पर्याय नाही.

८. परिभाषेविषयी दोन शब्द

मराठीत हा विषय शिकविताना 'गाभा', 'फट', 'मृदू' हे साधे शब्द हाताशी आहेत, हे भाग्यच म्हणावे लागेल. परंतु साधा शब्द आपला व्यवहारातील अर्थ बरोबर घेऊन येतो. 'गाभा' म्हटले की सार त्यातच आहे असे वाटते. 'फट' म्हटले की उणीव वाटते. प्रवर्तकात सार फटीत असते. 'हवेची फट' हा शब्दप्रयोगही तंतोतंत खरा नाही. तिच्यात बहुधा कागद, प्लास्टिक किंवा चिकटद्रव्य भरलेले असते, आणि त्यांची पार्यता हवेएवढीच असल्याने फरक पडत नाही, इतकेच. नवी दुर्बोध संज्ञा घडविणे हा यावरील उपाय नव्हे. रूढ शब्द ठेवून, तो कोणत्या कार्यासाठी योजला आहे ते त्याच्या शेजारी सांगणे, हा उपाय आहे. चार्जरमधील वस्तूला 'युग्मित प्रवर्तक' म्हटले तर फटीचे प्रयोजन नावातूनच सुचते, आणि खांबावरच्या वस्तूसाठी 'रोहित्र' हा शब्द निःसंदिग्ध राहतो.

ज्यास याची प्रचीती घ्यावयाची असेल त्याने निकामी झालेला व दीर्घकाळ विजेपासून दूर ठेवलेला एखादा जुना चार्जर उघडावा आणि आतील काळ्या गाभ्याचे दोन अर्धे भाग हलकेच विलग करावे. अनेक चार्जरांत ते 'इ' या रोमन अक्षराच्या आकाराचे आढळतात. बाहेरचे पाय परस्परांना नीट भिडतात. मधल्या पायांत मात्र, कागदाच्या काही घड्या जेमतेम शिरतील एवढे अंतर राहिलेले दिसते. चार्जर चालू असताना प्रत्येक आवर्तनात ऊर्जेचा बहुतेक सारा साठा त्या अंतरात मुक्काम करून पुढे जात होता.